शीतगृहाचा सर्व्हर आणि एक रविवार

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या आमच्या शीतगृहात फळं, मटार, मासळी आणि आइस्क्रीम असं सगळं वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलेलं असतं. तिथला सर्व्हर सांभाळणं हे माझं काम. कुठला माल कुठल्या खोलीत आहे, कुठल्या खोलीचं तापमान किती, कुठली गाडी कधी सुटली, हे सगळं त्या एकाच मशीनला ठाऊक. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम इतकी जुनी झाली होती, की तिच्या कंपनीने सुरक्षेच्या दुरुस्त्या देणंच बंद करायचं ठरवलं. आता नवी चढवणं भाग होतं.

मॅनेजरसाहेब म्हणाले, "मॅडम, माझा मोबाइल तर रात्री आपोआप अपडेट होतो. तुम्ही एवढं टेन्शन का घेता?"

"मोबाइल बिघडला तर तुमचे फोन बंद होतील. हा बिघडला तर आइस्क्रीम वितळेल," मी म्हटलं. साहेबांनी लगेच तयारीला हवा तेवढा वेळ आणि सर्व्हर बंद ठेवायला एक रविवार दिला.

सुरुवात बॅकअपपासून केली. रोज सकाळी मला 'बॅकअप यशस्वी' असा मेल यायचा आणि तो बघून मला बरं वाटायचं. पण यशस्वी म्हणजे नक्की काय, हे कधी उघडून बघितलं नव्हतं. म्हणून एका रिकाम्या कॉम्प्युटरवर तो बॅकअप परत उतरवून पाहिला. मालाचा हिशेब नाही, तापमानाच्या नोंदी नाहीत. निघाले ते आमच्या दसऱ्याच्या पूजेचे फोटो. फोर्कलिफ्टला हार, पॅकिंगच्या मशीनला हार, झेंडूच्या ढिगामागे साहेब. शेकडो फोटो, एकही खराब न होता, रोज नेमाने जपलेले.

मी एकटीच हसत सुटले.

बॅकअपची ती व्यवस्था माझ्याआधी इथे काम करणाऱ्या दादांनी लावली होती. मला हे काम त्यांनीच शिकवलं. मूळचे तळवली गावातले. वडिलांची भातशेती शहर वसवायला गेली, तेव्हा दादांनी कॉम्प्युटरचा कोर्स केला. आता निवृत्त होऊन घरच्या भाडेकरूंकडे बघतात. त्यांना फोन लावला.

"दादा, आपल्या बॅकअपमध्ये झेंडूची फुलं निघाली."

ऐकून ते खदाखदा हसले, आणि मग म्हणाले, "बाय, डिस्क बदलली तवा नवीन डिस्कला कॉम्प्युटरनं नावाचा अक्षर दुसरा दिला असंल, डी-ई वाला. जुना अक्षर फोटोवाल्या डिस्कला गेला, आन बॅकअप त्याच अक्षराची नक्कल काढीत राहिला. मीच बघायला पायजे होता. उद्या येतंय मी."

दुसऱ्या दिवशी खरोखर आले, डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीचं कालवण घेऊन. दोघांनी मिळून नीट बॅकअप घेतला, परत उतरवून बघितला, आणि त्याच उतरवलेल्या नकलेवर आधी नवी सिस्टीम चढवली. खऱ्या सर्व्हरला बोटही लावलं नाही. मालाचा हिशेब सुरळीत चालला. तापमान वाचणारा प्रोग्राम मात्र उघडेना. खोल्यांतल्या सेन्सरच्या वायरी एका जुन्या कार्डात येत होत्या, आणि नवी सिस्टीम त्या कार्डाला ओळखच देईना. ते बनवणारी कंपनीही कधीच बंद पडलेली.

"हे रविवारी कळलं असतं तर?" मी म्हटलं.

"तर तू आन मी थर्मामीटर घेऊन फिरलो असतो," दादा म्हणाले.

उपाय साधाच निघाला. ते कार्ड आणि तो प्रोग्राम एका जुन्या कॉम्प्युटरवर हलवायचा, त्याला इंटरनेटपासून पूर्ण तोडायचं, आणि नवे सेन्सर येईपर्यंत त्याला तेवढंच काम द्यायचं. बाकी सगळं नव्या सिस्टीमवर. मग मी प्रत्येक विभागात जाऊन विचारलं, "रविवारी सर्व्हर बंद असेल, तुमचं काय अडेल?" अकाउंट्सवाल्या ताई म्हणाल्या, "आमचं काही नाही, आम्ही सासूबाईंच्या ताब्यात."

शेवटी साहेबांशी एक गोष्ट पक्की केली. दुपारच्या चहापर्यंत नवी सिस्टीम नीट चालली नाही, तर हट्ट न करता जुनी परत आणायची.

रविवारी सकाळी दादा आणि मी कामाला बसलो. घरून, जुईनगरहून, निघताना नवऱ्याने विचारलं होतं, "जेवायला येशील?" मी डबा भरून घेतला होता. काम छान पुढे सरकत होतं. हिशेब उघडला, लॉगिन झाले, तापमानाचे आकडे जुन्या कॉम्प्युटरवर शांतपणे हलत होते. इतक्यात गेटवरून वॉचमनकाकांचा फोन आला.

"मॅडम, गेटपास निकलत नाय. मटारची गाडी उभी हाय, ड्रायव्हर हॉर्न मारतोय."

मी कपाळावर हात मारला. सगळ्या विभागांना विचारलं, गेटला विचारायचंच राहिलं! तिथला प्रिंटर गुपचूप ह्याच सर्व्हरला जोडलेला होता.

साहेब स्वतः गेटवर धावले. हाताने पास लिहिला, सही केली, गाडी सोडली. इकडे मी प्रिंटरचा नवीन ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्राम, शोधत होते. पहिला चालला नाही. दुसऱ्याने कागद ओढला आणि कोराच बाहेर टाकला. चहावाल्याची किटली दारात दिसली.

"काय करायचा? मागं फिरायचा?" दादांनी विचारलं.

मी म्हटलं, "नको. मुख्य काम सगळं चाललंय. एका प्रिंटरसाठी मागे फिरायची गरज नाही. आज पास हाताने लिहू."

"बराबर," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच खुर्चीला टेकून बसले. चहा पिता पिता तिसरा ड्रायव्हर टाकला. गेटवरून काकांचा आवाज फोनची गरज नसल्यासारखा ऐकू आला, "निकला! निकला!"

सोमवारी मी लवकर पोचले. कोण काय तक्रार आणतंय, ह्याची वाट बघत बसले. लोक आले, पंचिंग केलं, कामाला लागले. कुणाला काही वेगळं वाटलंच नाही. जेवणाच्या सुट्टीत अकाउंट्सवाल्या ताईंनी विचारलं, "अगं, ते तुझं सर्व्हरचं कधी करणार आहेस?"

"झालं काल," मी म्हटलं, आणि त्यांच्या डब्यातली वांग्याची भाजी हक्काने वाढून घेतली.