नव्या पिस्तुलाचा पहिला बार

आष्ट्यात पीरमहंमद शिकलगाराइतकं हट्टी माणूस दुसरं नव्हतं. विळ्याला धार लावायला आलेल्या बाईला तो आधी विळा धरायला शिकवायचा, मग धार लावायचा. पहिल्या महायुद्धात तो इराकात बसऱ्याला पलटणीच्या हत्यारखान्यात होता. पन्नाशीत त्याची दृष्टी गेली, पण धंदा काही सुटला नाही. बोटं आणि नाक एवढ्यावर त्याचं भागत होतं, आणि उरलेलं त्याची बायको अख्तरबी बघायची.

त्यांच्या घराण्यात एक रिवाज होता. नवं हत्यार ज्यानं पुसलं, त्यानंच पहिला बार काढायचा. कामात काही खोट राहिली तर ती कारागिराच्या अंगावर यावी, गिऱ्हाइकाच्या नव्हे.

सेहेचाळीस साली खंडेनवमीच्या सकाळी दादासो दुकानात आला. ओढ्याकाठी त्याचा उसाचा मळा होता. साताऱ्याला हेलपाटे घालून त्यानं लायसन मिळवलं होतं आणि आता नवं पिस्तूल कधी एकदा मिरवतो असं त्याला झालं होतं.

"चाचा, गोळ्या कशा भरायच्या तेवढं दावा. उद्या दसऱ्याला मळ्यात पयला बार काढायचा हाय. घरची समदी येनार हाईत."

"आन पुसायचं?"

"नवं कोरं हाय. कागद आत्ता फाडलाय. त्यात पुसायचं काय?"

"नवंच आदी पुसायचं आसतं, गड्या. गंजू नये म्हनून कंपनी नळीत घट्ट ग्रीस भरती. ते तसंच ठेवून बार काढलास तर नळी फुगंल, न्हाईतर घोडा अडकंल."

बोलता बोलता त्यानं पिस्तुलाची नळी नाकाशी नेली आणि तो थांबला. बत्तीस वर्षांच्या संसारात अख्तरबीनं त्याला असं थांबलेलं एकदाच पाहिलं होतं.

नव्या पिस्तुलाला ग्रीसचा वास यायला हवा. त्याला येत होता बंदुकीच्या जळलेल्या दारूचा, बार नुकताच उडाल्यासारखा गरम वास.

तो वास त्याला आयुष्यात दोनदा आला होता. बसऱ्याला एका साहेबाचं नवं पिस्तूल होतं, आणि पुढं मेढ्याच्या नाथाजीची नवी बंदूक. दोघांनीही नवं आहे म्हणत हत्यार न पुसताच नेलं. साहेबाच्या पहिल्या बारात त्याचा नोकर गेला. नाथाजीच्या पहिल्या बारात त्याचा सख्खा भाऊ गेला. बार उडायच्या आधीच त्याचा वास आला हे सांगणार कुणाला? पीरमहंमद दोन्ही वेळा गप्प बसला होता. सांगितलं ते फक्त अख्तरबीला, आणि तिनं त्याला वेड्यात काढलं होतं.

आता तिनंही वाकून वास घेतला. तिला नुसतं ग्रीस जाणवलं.

"चिंधी आन," पीरमहंमद म्हणाला.

"आवं, ऱ्हाऊ द्या की. नवं हाय म्हंत्यात ते."

हे बोलताना तिची तिलाच लाज वाटली. पण नवरा तिचा होता. तो पुसणार म्हणजे पहिला बार तोच काढणार, आणि मग ते जे काही होतं ते त्याच्यावर येणार. दादासोकडं तोंड करून पीरमहंमदनं विचारलं, "तुझी लेक केवढी झाली रं?"

"तीन वर्साची. उद्या पूजंचं ताट तीच धरनार म्हंती."

अख्तरबी उठली आणि चिंध्या, गज न् घासलेटची बाटली घेऊन आली.

त्यानं नळी चार वेळा पुसली. दरवेळी तो विचारायचा, "चिंधी काळी हाय का?" आणि ती सांगायची, "पांढरी हाय." रिवाजाचं ऐकून दादासो जरा कुरकुरला, पण म्हाताऱ्याशी कोण वाद घालणार? तिघं परसात गेली. अख्तरबीनं नवऱ्याचे खांदे धरून त्याला मातीच्या ढिगाकडं वळवलं. ढीग चार पावलांवर होता. पीरमहंमदनं चाप ओढला. मोठा आवाज झाला, आणि बाकी काहीच झालं नाही.

त्यानं नळी पुन्हा हुंगली. "आता वास ग्रीसचा येतोय," तो हळूच म्हणाला.

पहिल्या बाराची गोळी जपून ठेवायची म्हणून दादासोनं खोरं घेतलं. पण ढिगावर गोळी शिरल्याची खूणच नव्हती. त्यानं सगळी माती उपसली. अख्तरबीनं ती चाळणीनं चाळली. गोळी नव्हती.

"हवेत गेली आसंल," दादासो हसून म्हणाला आणि पिस्तूल घेऊन गेला. दसऱ्याला त्याचे सगळे बार बिनघोर उडाले. पोरगी टाळ्या पिटत होती म्हणे.

अख्तरबीला मात्र हसू आलं नाही. नळी ढिगाकडंच होती हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. गोळी निघाली होती, पण कुठं पोचली नव्हती. अजून पोचायची होती.

"घावली का गं?" दादासो गेल्यावर पीरमहंमदनं विचारलं.

"घावली की." तिनं दुकानाच्या पेटीतला शिशाचा एक जुना तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

त्यानं तो बोटांत फिरवला. नळीतून गेलेल्या गोळीवर नळीतल्या आट्यांच्या रेघा उमटतात, आणि हा तुकडा गुळगुळीत होता. त्याची बोटं ते ओळखणार नाहीत असं अख्तरबीला तरी का वाटावं? तो नुसतं "बरं झालं" म्हणाला आणि तुकडा खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यानं आपलं बसायचं पोतं उचललं. इतकी वर्षं तो आतल्या भिंतीला टेकून काम करायचा. आता त्यानं पोतं थेट दारात, उंबऱ्याला लावून टाकलं, आणि घरात शिरायला वाटच ठेवली नाही.

"हितं का बसलाय?"

"वारं लागतं."

त्या दारात कधी वारं लागत नव्हतं. समोर शेजाऱ्याची भिंत होती. अख्तरबी क्षणभर त्याच्या पाठीकडं बघत राहिली. मग तिनं तांदळाचं सूप उचललं, त्याला ओलांडून ती बाहेर गेली आणि त्याच्या पुढ्यात पायरीवर बसली.

"तू आत बस," पीरमहंमद म्हणाला.

"हितं उजेड बरा हाय," ती म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली.