शकुंतलाचा आवाज

शकुंतला गेल्याचा फोन तिच्या मुलीनं केला, तेव्हा मी कामावर जायला निघाले होते. चप्पल पायात तशीच राहिली... चिकलठाण्याच्या कंपनीत आम्ही दोघी लग्नानंतर लागलो, एकाच पॅकिंग लाइनवर. ती पुढं युनियनची पुढारी झाली. साहेबांशी भांडताना तिचा आवाज पार रस्त्यावर ऐकू जायचा.

गेल्या हिवाळ्यात तिच्या छातीत भाकरीचा घास अडकायला लागला. ती वरणात कुस्करून खाऊ लागली, मग नुसती पेज, पुढं पाण्याचा घोटही उतरेना. अंग झडलं. "पित्त हाय," म्हणायची. दुर्बिणीनं तपासलं तोवर अन्ननलिका गाठीनं जवळजवळ बुजली होती. तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. तो मानेतल्या गाठींपर्यंत पसरला होता, आणि आवाजाच्या नसेवर दाब आल्यानं घसा कायमचा बसला होता. ऑपरेशनचा उपयोग नव्हता. घोट तरी उतरावा म्हणून जाळीची नळी बसवायची ठरली.

"नळी बसल्यावर गेटवर जाता येईल का?" तिनं विचारलं.

"मावशी, आता आराम करा," डॉक्टर म्हणाले.

"मी काय इचारलं ते सांगा."

तेव्हा कंपनीनं युनियनमध्ये आलेल्या कंत्राटी बायांना कामावरून काढलं होतं, आणि त्यांच्यासाठी गेटवर आमचं धरणं चालू होतं. नळी बसवून शकुंतला गेटवर आली. आवाज फुटत नव्हता, म्हणून ती माझ्या कानात बोलायची आणि मी ओरडून सांगायची. मॅनेजर मला म्हणाले, "यांना घरी न्या, तब्येत बघा यांची."

तिनं माझा दंड धरला, कानात काही पुटपुटली. मी मोठ्यानं म्हणाले, "तब्येत माझी खराब हाय, मागणी नाय."

बाया परत कामावर आल्या, ते तिनं पाहिलं. त्या दिवशी चहा मागितला. घोट श्वासनलिकेत जाऊन ठसक्यानं जीव घाबरा व्हायचा, तरी तिनं कप खाली ठेवला नाही.

शोकसभा कंपनीच्या आवारातच झाली. मॅनेजर दोन मिनिटं मौन पाळा म्हणाले. मागून एक बाई बोलली, "शकूताई कवा गप बसल्या व्हत्या?" मग मौन कुणीच पाळलं नाही. बायांच्या संडासाला आतून कडी लावा, ही तिची राहिलेली मागणी आम्ही सगळ्यांनी मिळून मोठ्यानं सांगितली. कडी अजून लागलेली नाही. दर सोमवारी कामाची पाळी सुटली की आम्ही मॅनेजरच्या खोलीसमोर उभ्या राहतो, आणि हळू आवाजात कुणीच बोलत नाही.