गाणं कोणी उचलायचं

उधन्याच्या त्या गल्लीत खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी उज्ज्वला उचलायची आणि बाकीच्या बाया मागून म्हणायच्या. चाळीसगावकडून लग्न होऊन ती सुरतेत आली, तेव्हापासूनचा हा शिरस्ता. श्रावण जवळ आला की संध्याकाळी गल्लीतल्या म्हाताऱ्या मालतीबाईंच्या ओट्यावर बायांची बैठक बसायची. उज्ज्वला साड्यांच्या घड्या घालायची तो कारखाना दोनच गल्ल्या पलीकडे, त्यामुळे ती सगळ्यांच्या आधी हजर असायची.

मग कारखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, इच्छापोरला गेला. पगार वाढला, पण दोन रिक्षा बदलून जायला दीड तास, यायलाही तेवढाच. वाढ बरीचशी भाड्यातच जाई. तिने अर्ध्या दिवसाचं काम मागून पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की काम अर्धं झालं तरी भाडं आणि रस्ता पूर्णच राहतो. ती अख्खा दिवस जात राहिली.

एका संध्याकाळी ती गल्लीत शिरली, तर ओट्यावरून जयश्रीचा आवाज आला. जयश्री शेजारची, घरीच साड्यांवर खडे चिकटवणारी. गाणं उज्ज्वलानेच तिला शिकवलेलं, त्यातला हेलसुद्धा उज्ज्वलाचाच. बायांनी हाक मारली, पण भाकरी टाकायची आहे असं सांगून उज्ज्वला घरात गेली. हात पिठात, कान ओट्याकडे. जयश्री कुठेतरी अडखळावी, असं तिला फार वाटत होतं. जयश्री अडखळली नाही.

दुसऱ्या दिवशी उज्ज्वला आपणहून तिच्याकडे गेली. आपल्या कारखान्यात जागा निघाल्याचं सांगितलं, पगार सांगितला. रस्त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. जयश्रीला ते उपकारच वाटले.

कामाला लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात जयश्री परतीच्या रिक्षात उज्ज्वलाच्या खांद्यावर डोकं टेकून झोपू लागली. ओट्यावर आता मालतीबाई थकल्या आवाजात काहीबाही म्हणत, चार बाया उगीच बसून राहत. हवं ते झालं होतं, तरी उज्ज्वलाला चैन पडेना. एकदा रिक्षा गर्दीत अडकली असताना ती बोलून गेली,

"मी तुला मुद्दाम इकडे आणलं. ओट्यावर तू नको होतीस मला."

जयश्री सरकून कडेला बसली. मग म्हणाली, "आणि मी तुमच्या पगारावर जळत होते, ताई."

पुढच्या नाक्यावर ती उतरून वेगळ्या रिक्षात बसली. महिनाअखेर तिने काम सोडलं. दोघींचं बोलणं तुटलं.

कानबाई रविवारी बसली. विसर्जन सोमवारी, म्हणजे कामाच्या दिवशी. त्या दिवशी दांडी मारली तर दोन दिवसांचा पगार कापू, असं ठेकेदाराने बजावलं होतं. तरी उज्ज्वला कामावर गेली नाही. मिरवणुकीत ती पार मागे चालत होती. जयश्री पुढे गात होती. दोन गाणी झाल्यावर ती थांबली आणि मागे वळून गावाकडच्या बोलीत म्हणाली,

"तुम्ही उचला, ताई. मी मागे शे."

उज्ज्वलाने उचललं. पण कित्येक दिवस गळ्याला सवय नव्हती, वरच्या सुरावर आवाज चिरकला. जयश्रीने तिथूनच ओळ धरली आणि सहज पुढे नेली. उज्ज्वलाला ते झोंबलं. तरीही ती गात राहिली, जयश्रीच्या मागून, बाकीच्या बायांसारखी.

मंगळवारी पहाटे ती इच्छापोरच्या रिक्षात बसली आणि रिक्षा बदलायच्या नाक्यापर्यंत तेच गाणं हळूच घोळवत राहिली.