वरून टाकलेली गोळी

“पदर पसर गं,” डॉक्टर ओट्यावरून म्हणाले आणि गोळ्या वरून सोडल्या. आमच्या वस्तीच्या माणसाला ते शिवत नसत. माय आवेच्या जुलाबांनी खंगली होती, हातात जोर नव्हता. पदर निसटला. गोळ्या फरशीवर पडल्या. तिनं वाकून वेचल्या, कपाळाला लावल्या. “लई उपकार झाले, मालक.”

मी शेजारी उभा होतो. कारंज्याच्या कापसाच्या जिनात कामाला होतो. शिवाशिव कायद्यानं बंद झाली, हे वाचलेलं होतं. गप्प राहिलो.

आमच्या आधी एका शेठजींना डॉक्टरांनी तीच गोळी हातात दिली होती. समजावून सांगितलं होतं, ते आम्ही अंगणातून ऐकलं. आत मुळीची पूड. जठरात सुटली तर ओकारी. म्हणून वरून लाखेचं कवच. थर पातळ असला तर लवकर उघडतं, जाड असला तर उशिरा, थेट आतड्यात. “चावू नका, शेठजी. कवच फुटू देऊ नका.”

घरी पाहिलं. गोळ्यांना तडे गेले होते.

मला कळलं होतं, ही जठरातच सुटणार. तरी तडकलेली गोळी मीच मायच्या जिभेवर ठेवली. दिवेलागणीपर्यंत ती ओकत राहिली.

मायला घेऊन पुन्हा गेलो. डॉक्टर ओट्यावरच्या लोकांना म्हणाले, “या लोकांच्या पोटात औषध टिकतच नाही.” लोक हसले. मायही हसली, ओशाळून. तिचं ते हसू मला सोसलं नाही.

डॉक्टरांनी पुन्हा हात उंच केला.

“हातात द्या,” मी म्हणालो. “वरून टाकली का फुटते. कवच फुटू देऊ नका, तुमीच शेठजीले सांगतलं होतं.”

“हातात?” ओट्यावरून कोणीतरी बोललं. “पाट मांडा ना मंग, जेवू घाला त्याले!”

डॉक्टरांनी बरणीचं झाकण लावलं.

वाटेत माय म्हणाली, “काहून बोल्ला रे बापू? या टायमाले मी झेल्ली असती.”

त्याच आठवड्यात ती गेली.

भावकीत अजून म्हणतात, तिचं पोट नाजूक होतं. मीही जन्मभर तेच सांगत आलो. सोपं होतं ते. आज लिहून ठेवतो. शिळी भाकर आणि अंबाडीची भाजी पचवणारं पोट होतं ते. गोळी फुटलेली होती. वरून टाकली म्हणून फुटली.

यापुढे कोणी मायच्या पोटाला बोल लावला, तर मी गप्प बसणार नाही. त्या अंगणात गप्प राहिलो, पुढे जन्मभरही; तेवढं पुरे.