चंडोलाचा रहिवास

चैत्रातल्या सकाळी शाहूवाडीकडच्या पठारावर वाळल्या गवताला एक गंध येत असे. रात्रीच्या दवाचा, ऊन लागू लागलेल्या जांभ्या दगडाचा, नुकत्याच दळून आणलेल्या पिठासारखा उबदार. त्या गंधातूनच चंडोल उठे. मातकट, तुरेवाला, नजरेत न भरणारा पक्षी. परंतु गात गात तो असा सरळ वर चढे की आकाशालाच कंठ फुटल्याचा भास व्हावा, आणि गाणे संपताच दगड पडावा तसा तो गवतात उतरे. घरटे तिथेच, जमिनीवर, गवताच्या जुडीआड. एवढे कळायला, वकिली सोडल्यानंतर कोल्हापुराहून दुर्बीण घेऊन येण्यात माझे कित्येक उन्हाळे गेले.

सरकारी दप्तरात मात्र या पठाराची नोंद ‘पडीक’. राखीव क्षेत्र झाले तरी तो शब्द पुसला गेला नाही, आणि पडीक जमिनीवर झाडे लावणे हे तर पुण्यकर्म! खड्डे खणले गेले, ऑस्ट्रेलियन बाभळी उभ्या राहिल्या, छायाचित्रे निघाली. माळ हेच इथले अरण्य आहे, असे मी अर्जांतून, स्मरणपत्रांतून लिहीत राहिलो. सुनावणीत अधिकाऱ्याने हसून विचारले, “साहेब, निसर्गप्रेमी म्हणवता आणि झाडांच्या विरोधात?” सगळे हसले. गावाची संमती सांगायला आलेल्या, पायथ्याच्या वाडीतल्या हौसाबाईंनी बाहेर पडताच मला सुनावले, “वकीलसाहेब, झाडाला कोण न्हाय म्हणतं व्हय? वर टेकाय म्हटलं तर सावली हाय कुटं? एका चिमणीपायी किती भांडायचं वो!”

“चिमणी नव्हे, चंडोल.”

“त्येच की,” म्हणत त्या चालू लागल्या.

तक्रार फेटाळली गेली, मी अपील केले; त्या धावपळीत काही वर्षे पठारावर जाणेच झाले नाही. यंदा चैत्रात अपिलाचा निकाल आला: लागवडीनंतर पक्ष्यांच्या जातींत वाढ झाली आहे, सबब तक्रार निकाली. खोटेपणा पकडण्याच्या ईर्ष्येने मी तडक पठारावर गेलो. गवत उरलेच नव्हते. बाभळींच्या वाळक्या पानांचा जाड थर, त्याला कसलाच गंध नाही. आणि फांद्यांतून बुलबुल, दयाळ, शिंजीर. निकालातले अक्षर अन् अक्षर खरे होते.

दुर्बीण आकाशाला लावून दुपारपर्यंत उभा राहिलो. वर काहीही चढले नाही.

अखेर एका बाभळीखाली टेकलो. हौसाबाईंची सावली खरोखरच थंड होती. डोक्यावरच्या बेचक्यात बुलबुलाचे घरटे दिसले. वन्यजीव कायद्यातल्या ज्या कलमाच्या आधारे मी चंडोलासाठी भांडलो, तेच कलम या घरट्याचेही रक्षण करते. ही झाडे काढा, असा अर्ज लिहायचा झाला तर प्रतिवादी म्हणून पहिले नाव याचेच घालावे लागेल. मी खिशातली लेखणी काढली, टोपण उघडले. अंड्यांवर बसलेली मादी मान तिरकी करून, जराही न हलता, माझ्याकडे पाहत होती.