बाकावरचं पातेलं

वीस माणसांचा स्वयंपाक सांगा, क्लॅरी हॉकिंग डोळे मिटून करील. दोघांचा सांगितला की मेला गोणी उपडी करतो.

हे मी कौतुकाने सांगत नाहीये. त्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियातल्या नलारबॉरच्या ओसाड रस्त्याला त्याची कॅम्परव्हॅन रोज मुक्कामाला माझ्या व्हॅनशेजारी लागायची, आणि रोज संध्याकाळी माझ्या दारावर थाप पडायची. "डॉट, भांडं आण!" भांड्यात मटणाचा स्टू. काल स्टू, आज स्टू, उद्याही स्टूच. शेवटी माझ्या कुत्रीनेसुद्धा तोंड फिरवलं, आणि ती मेलेला कांगारू आवडीने खाते.

चाळीस वर्षं हा माणूस लोकर कातरणाऱ्या टोळ्यांबरोबर आचारी म्हणून फिरला. पहाटे चॉप्स नि अंडी, मग स्मोको, म्हणजे चहाची सुट्टी, तिला केक नि सँडविच, मग दुपारचं जेवण, मग पुन्हा स्मोको, रात्री मटण. कातरणारे गडी दिवसभर मेंढ्या गुडघ्यात दाबून वाकलेले असतात, त्यांची भूक म्हणजे राक्षसाची. कातरणीची एक शेड संपली की पुढची. वर्षाचे आठ-नऊ महिने क्लॅरी बाहेर, आणि बायको वॅल्मा जेम्सटाउनच्या घरात तीन पोरं सांभाळत. पोरं मोठी झाली, पांगली, क्लॅरीच्या कंबरेने राजीनामा दिला, तेव्हा कुठे दोघांनी मिळून ही व्हॅन घेतली.

आता व्हॅनमधलं स्वयंपाकघर म्हणजे काय असतं ते ऐका. दोन चुलींची शेगडी, खोक्याएवढा फ्रिज, आणि कप धुवायला गेलं तर बशी बाहेर ठेवावी लागेल असं बेसिन. डाव काढायचा तर खण उघडायला हवा. खण उघडायचा तर दार लोटायला हवं. दार लोटायचं तर वॅल्माने पाय वर घ्यायला हवेत. क्लॅरी सहा फुटांचा, छप्पर त्याहून बुटकं. मान वाकडी करून, कोपर खिडकीवर आपटत, शिव्या देत तो शिजवायचा. आणि शिजवायचा कशात? तर शेडमधल्या वीस माणसांच्या त्या पातेल्यात. दोन्ही चुली त्याच्या बुडाखाली गडप व्हायच्या.

"अरे, हे कशाला घेतोस?" निघताना वॅल्माने विचारलं होतं म्हणे. "ह्यात मला बसवून शिजवलंस तरी वर जागा उरेल."

पण ऐकेल तो क्लॅरी कसला! आणि पातेलं आणलं खरं, पण ते ठेवायला जागाच नव्हती. पलंगाखाली जात नव्हतं, कपाटात मावत नव्हतं. जमिनीवर ठेवलं की तो स्वतःच त्यात पाय घालायचा. मग शेगडीवरून उतरलं की घडी केलेल्या ब्लँकेटवर, टेबलाच्या पलीकडच्या बाकावर. तिथेच त्याची कायमची जागा झाली.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण वॅल्मा जेवत नव्हती.

उन्हाळ्यात तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. जखम भरली, डॉक्टर खूश, पण बाईंची भूक जी गेली ती परत आलीच नाही. गळ्याजवळची हाडं वर आली होती. स्कर्ट पिनेने आवळून घ्यायची. आणि तिला जायचं होतं राज्याची हद्द ओलांडून एस्परन्सला, थोरल्या बहिणीकडे. नेल तिचं नाव. आई गेल्यावर नेलनेच हिला वाढवलं. आता नेल अंथरुणाला खिळलेली, आज आहे तर उद्या नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जा, पण पोटात अन्न जात नसेल तर हद्दीच्या पुढे जाऊ नका, पुढे दवाखाना एक दिवसाच्या वाटेवर. म्हणून दोघांचं ठरलं होतं, हद्दीवर पोचायचं. जेवत असली तर पुढे, नाहीतर गाडी वळवायची.

म्हणून तर क्लॅरी पेटला होता. तिच्यासाठी केक, तिच्यासाठी कस्टर्ड, तिच्यासाठी मटण. जितकी ती कमी खायची तितकं तो जास्त शिजवायचा. ती दोन चमचे घ्यायची, चमचा खाली ठेवायची आणि म्हणायची, "छान झालंय." झालं! उरलेलं माझ्या भांड्यात. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. त्याच्यावर राग, तिच्यावर राग, त्या स्टूवर तर विचारूच नका.

हद्दीच्या अलीकडच्या शेवटच्या मुक्कामाला तर त्याने कळसच केला. दुसऱ्या दिवशी हद्दीच्या चौकीवर, पलीकडे कीड जाऊ नये म्हणून, ताजी भाजी, फळं, मध सगळं काढून घेतात, हे ह्या रस्त्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून आम्ही सगळे सेडूना गावापासूनच बेताने भाजी घेतो, आणि शेवटच्या मुक्कामाला राहिलेले दोन कांदे, एक भोपळ्याची फोड शिजवून टाकतो. शिजवलेलं जाऊ देतात. क्लॅरीने काय केलं असेल? त्याने सेडूनात कांद्याची गोणी घेतली होती. गोणी! बटाट्यांची निराळी. शेडवर निघताना घ्यायचा तशीच.

"टाकून देऊ का मग?" तो माझ्यावरच खेकसला. "अन्न आहे ते, डॉट!"

"मग घाल शिजायला. हद्दीवरचे सगळे साहेब जेवायला बोलाव."

बाहेर वारा असा, की शेगडी पेटेना, आणि वारा थांबला की माश्या. म्हणून सगळं आतच. मी पायरीवर बसून कांदे सोलत होते, कारण आत दुसऱ्या माणसाला उभं राहायला जागा नाही. सोलून सोलून डोळ्यांचं पाणी हनुवटीवर आलं. काचांवरून वाफेचे ओघळ. गाद्या, उशा, पडदे, सगळ्याला मटणाचा वास. मधेच छपरावरचा धुराचा भोंगा कोकलायला लागला. क्लॅरीने त्याला डावाने एक ठेवून दिली, तरी तो गप्प बसेना. तेवढ्यात पातेलं उतू गेलं, दोन्ही चुली विझल्या, आणि तो पळीभर रस्सा पायावर सांडून घेऊन असं काही ओरडला की पलीकडच्या गाडीतला म्हातारा बघायला आला.

वॅल्मा तशीच बाकावर बसून. पाय वर घेतलेले, हात मांडीत.

सूर्य कलला तेव्हा एकदाचं शिजलं. पातेलं समोरच्या बाकावर चढलं. क्लॅरीने वाडगा भरला, तिच्यापुढे ठेवला, आणि शेगडीला टेकून, मान वाकडी करून, हाताची घडी घालून उभा राहिला.

"खा."

तिने एक चमचा घेतला. दुसरा घेतला. चमचा खाली ठेवला. "छान झालंय, क्लॅरी."

"छान झालंय, छान झालंय!" त्याने हातातलं फडकं बेसिनमध्ये आपटलं. "मग गिळत का नाहीस? काय हवंय तुला? तोंडाने सांग ना एकदा! उद्या मी गाडी वळवतो. ठरलंय आपलं. मग नेलच्या नावाने रडू नकोस."

वॅल्माचा चेहरा पांढराफटक पडला. मला राहवेना.

"अरे बाबा, तिच्या डोक्यावर फौजदारासारखा उभा राहिलास तर कुणाच्या घशाखाली घास उतरेल? खाली बस की जरा!"

"आचारी बसत नाही," तो म्हणाला. अगदी साधेपणाने म्हणाला, जसं आपण म्हणू की मेंढीला चार पाय असतात. "सगळी टोळी जेवून उठली की मग आचाऱ्याने खायचं. शेगडीपाशी. उभ्याने. तसंच असतं."

"मी पण," वॅल्मा म्हणाली.

"तू पण काय?"

"मी पण उभ्यानेच जेवले. पोरांना वाढायचं, त्यांची उष्टी काढायची, मग ओट्यापाशी उभं राहून दोन घास कोंबायचे. तीस वर्षं. एकटीने कशाला टेबल मांडायचं?" तिने पाय खाली सोडले. "मला वाटायचं, हा कामातून सुटला की समोर बसेल. तेवढ्यासाठी निघाले मी, क्लॅरी. नेलसाठी निघाले, आणि त्या समोर बसण्यासाठी निघाले. आणि रोज माझ्यासमोर कोण बसतं? हे पातेलं बसतं. पातेल्याकडे बघत नाही रे घास उतरत."

क्लॅरीने बाकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. आणि त्या गाढवाने विचारलं काय, तर, "पण मग ते ठेवू कुठे?"

"अरे, खड्ड्यात ठेव!" मी ओरडले. "आण इकडे!"

त्याने एक कान धरला, मी दुसरा. पोटं आत घेऊन, दाराला घासत, आम्ही ते धूड बाहेर काढलं आणि मातीत टेकवलं. कंबर धरून मी परत पायरीवर बसले.

क्लॅरी बाकावर बसला. बसला म्हणजे काय, अडकला. गुडघे टेबलाला लागले, कोपरं कुठे ठेवावीत ते कळेना. वाडगा तोंडाला लावून भराभरा खायला लागला, तर वॅल्मा म्हणाली, "हळू. कुणी मागे लागलंय का?" मग शेगडी बंद आहे का बघायला उठू लागला. "बंद आहे, बस." मग फडकं वाळत घालायला. "बस म्हटलं ना."

बसला. मी रस्त्याकडे तोंड केलं. पण व्हॅन ती केवढी, श्वास घेतला तरी बाहेर ऐकू येतो. बराच वेळ नुसते चमचे वाजत होते. दोन चमचे.

मग वॅल्मा म्हणाली, "क्लॅरी, ह्यात मीठ नाही."

मी मनात म्हटलं, संपलं! एकदा शेडवर एका गड्याने हेच म्हटलं होतं, तर क्लॅरीने मिठाचा अख्खा डबा त्याच्या ताटात ओतला, आणि त्याने ते खाल्ल्याशिवाय बाकीच्यांना वाढलं नाही. ही गोष्ट क्लॅरी स्वतः छाती फुगवून सांगायचा.

मग त्याने चमचा उचलल्याचा आवाज आला. चव घेतली, पुन्हा घेतली.

"खरंच नाहीये," तो म्हणाला. "कधीपासून नसतं?"

"लग्न झाल्यापासून."

त्यावर तो जो हसला! हसता हसता त्याचा आवाज फाटला, आणि मग त्याने बराच वेळ नाक पुसलं. मीठ आलं. चमचे पुन्हा वाजू लागले. थोड्या वेळाने एकच चमचा वाजत होता, वाडग्याच्या तळाशी, खरवडल्यासारखा, आणि तो क्लॅरीचा नव्हता, कारण क्लॅरी श्वास रोखून बसला होता.

"अजून थोडं," वॅल्मा म्हणाली.

तो धडपडत उठायला गेला. तिने त्याचं मनगट धरून खाली बसवलं, आणि रिकामा वाडगा दारातून माझ्यापुढे केला.

"डॉट वाढेल."

मी मुकाट्याने डाव उचलला.