चार जुने टायर

खांदा कॉलनीतल्या टायरच्या दुकानात तो माझ्या आधीपासून बसला होता. उरणकडचा कोळी, साठीचा, मांडीवर नायलॉनच्या दोराचं वेटोळं. होडी धक्क्यावर आपटू नये म्हणून तिच्या कडेला जुने टायर बांधतात, ते मागायला आला होता.

माझी सेडान पळायला तेज. तिला बाराही महिने चालतील असे टायर हवे होते, कारण दुसऱ्या दिवशी मुलगी ती घेऊन पहिल्यांदाच एकटी घाट चढणार होती. पुढचे दोन गुळगुळीत झाले होते, मागचे बरे दिसत होते.

"सर, चारही बदला," दुकानदार म्हणाला. "पावसात गाडी मागून फिरली तर सावरत नाही."

हा विकायलाच बसलाय, आणि हा दोरवाला याचाच माणूस असणार, असं माझ्या मनात आलं. काय म्हणतो ते पाहू म्हणून मुद्दाम त्यालाच विचारलं, "काका, मागचे चालतील ना अजून?"

गाठ मारता मारता त्याचा हात थांबला.

"मना नका इचारू, सायब. मना होडीला चारी पायजेत."

मग म्हणाला, "गाडी कोन चालवनार?"

"मुलगी."

तो उठला, दोर खांद्यावर टाकला आणि बाहेर जाऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

मी मागच्या टायरच्या खाचेत नख घालून पाहिलं. खाच झिजून इतकी उथळ झाली होती की नख पुरतं बुडेना.

"चारही काढा," मी म्हणालो.

चौथा टायर निघाला तरी तो वळला नाही. जुने टायर न्या म्हणून त्याला हाक मारायला मलाच बाहेर जावं लागलं.